रांगेत न लागलेला डबा

पंप मी माझ्या हातानं दिला होता. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, दिवसाढवळ्या, गिरणीच्या दारात उभं राहून दिला होता. पुढं कोर्टात मी शपथेवर सांगितलं की तो चोरीला गेला. त्या साक्षीवर एका माणसाला शिक्षा झाली, त्यांची रेल्वेतली नोकरी गेली, आणि मरेपर्यंत त्यांच्या नावामागं चोर हा शब्द राहिला. मेल्यावरही राहिला, हे यंदा कळलं.

गावात नवी अभ्यासिका बांधून झाली. बौद्धवस्तीतल्या मुलांनी ग्रामसभेत मागणी केली की अभ्यासिकेला त्या माणसाचं नाव द्यावं. मागणी रास्त होती. आज आमच्या गावात कुणाचाही डबा गिरणीवर कुणाच्याही डब्याला लागून ठेवला जातो. तसा तो ठेवता यावा म्हणून भांडलेला पहिला माणूस तो. ठराव लिहायला ग्रामसेवकानं पेन उघडलं, तेवढ्यात सरपंचांच्या भावकीतला एक तरुण उठला. त्याच्याकडं जुन्या निकालाची नक्कल होती. तो म्हणाला, "नावाला माझी हरकत न्हाई. पर उद्या पोरांनी इचारलं, ह्यो माणूस कोण, तर मास्तरांनी काय सांगायचं? पंपचोर?"

लोक हसले. मी दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसलो होतो. त्या निकालात फिर्यादी म्हणून माझं नाव आहे. पलीकडं बायकांत त्यांची मुलगी बसली होती. आता साठीची आहे, शाळेतून निवृत्त झालेली. ती माझ्याकडं बघत होती. मी चष्मा काढून धोतरानं पुसला आणि पुसतच राहिलो. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो. माझं वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलं आहे, तरी त्या दिवसांतलं मला सगळं स्वच्छ आठवतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

आमचं गाव भीमेच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. नदीपलीकडं दौंड तालुका. तेव्हा पूल नव्हता, नावेतून पलीकडं जायचं आणि मग सायकलनं नाहीतर पायी दौंड गाठायचं. गिरणी आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. डिझेल इंजिनवर चालणारी, पंचक्रोशीतली एकच. इंजिनाच्या धुराड्याचा कुक्‌कुक्‌ आवाज मळ्यात ऐकू गेला की बायका डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. कॉलेज अर्धं सोडून आलेला, म्हणून गिरणीवर बसवलेला.

गिरणीची एक रीत होती. सकाळी आलेले डबे भिंतीलगत एकामागं एक लागायचे आणि त्याच क्रमानं दळण व्हायचं. हे गावाचं. वस्तीतल्या बायकांनी, आम्ही तेव्हा महारवाडाच म्हणायचो, डबे रस्त्यापलीकडं लिंबाखाली ठेवायचे. गावाचं शेवटचं दळण संपलं की मी हाक मारायचो, मग त्या धान्य आणून माझ्या सुपात लांबून ओतायच्या. गावाचं संपलं नाही, तर त्यांनी तसंच परत जायचं. दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू करताना आमच्या घरचं पसाभर धान्य आधी दळायचं आणि ते पीठ म्हशीपुढं टाकायचं. दगड धुतले, असं म्हणायचे त्याला. रोज सकाळी मीच ते पीठ टाकायचो. कधी हात अडखळला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं रेशनवर लाल मिलो दिला, परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी. पाटलाच्या डब्यात तोच आणि वस्तीतल्या डब्यातही तोच. एका दुकानातून, एका पोत्यातून मापलेला. दुष्काळी कामावर सगळ्या जाती एकाच खड्ड्यात माती उपसत होत्या. तरी तो मिलो गिरणीवर आला की अर्धा भिंतीला लागायचा आणि अर्धा लिंबाखाली जायचा. याचं कुणाला हसू आलं नाही.

ज्यांना पुढं शिक्षा झाली, त्यांना गावात सगळे खलाशी म्हणायचे. दौंडच्या लोकोशेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनं पुसणारा मदतनीस, म्हणून लागले आणि फिटरच्या हाताखाली काम शिकले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. उंच, काळे, पुढचा एक दात तुटलेला. शनिवारी संध्याकाळी रेल्वेचा खाकी कोट घालून नावेतून उतरायचे आणि सोमवारी पहाटेच्या नावेनं परत जायचे. वस्तीतल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायची नाहीत, हे त्यांनी ठरवून घेतलं. पाटलाच्या दारात जोहार घालायचा नाही, हेही त्यांचंच. ते स्वतः सगळ्यांना नमस्कार करायचे आणि सगळ्यांना, अगदी माझ्यासारख्या पोरसवद्यालाही, तुम्ही म्हणायचे. गाव त्यांना अरे म्हणायचं. मीही म्हणायचो. पारावर कुणीतरी हमखास विचारायचं, "काय रे खलाशा, इंजान तू चालवतो का तुझा बाप?" ते म्हणायचे, "मी पुसतो मालक. चालवायला अजून येळ हाय."

दुष्काळ सरतासरता एका बुधवारी आमचं इंजिन बंद पडलं. हँडल मारून मारून माझे खांदे उतरले. घोडनदीचा, म्हणजे शिरूरचा, मेकॅनिक दोन दिवस येतो येतो म्हणाला आणि आला नाही. तीन दिवस गाव जात्यावर दळत होतं. दुष्काळी कामावरून दमून आलेल्या बायका जातं ओढायच्या आणि नवऱ्यांना शिव्या द्यायच्या, नवरे येऊन आबांना ऐकवायचे. शेवटी रविवारी सकाळी आबा मला म्हणाले, खलाशाला बोलाव, मात्र दगडांकडं जाऊ देऊ नको, इंजिनाच्या खोलीतूनच परत पाठव. इंजिनाची खोली मागं होती, तिला वेगळं दार होतं. त्यांचे हात आमच्या इंजिनात चालणार होते, फक्त पिठाजवळ चालणार नव्हते. हे आबांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ते आले, कोट काढून खुंटीला लावला. तासभर बघून त्यांनी डिझेलचा पंप सुटा केला. तळहातावर मावेल एवढा लोखंडी पंप. म्हणाले की यातच दोष आहे, इथं होणार नाही, दौंडला त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर लावून आणावा लागेल, पुढच्या रविवारी बसवून देतो. आबा मळ्यात गेले होते. मी होकार दिला. आईनं आतून जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, त्यात मी पंप गुंडाळला आणि त्यांच्या हातात दिला. चिठ्ठी नाही, पावती नाही. गावात असं कुणी मागत नसे, आणि खलाशाकडं तर मालकानं वस्तू दिली हीच मोठी गोष्ट समजली जायची. त्यांनीही मागितली नाही. कायदा एवढा वाचणारा माणूस, पण एवढी एक चूक त्यांनी केली. माझ्यावर विश्वास ठेवला.

पंप पिशवीत टाकून ते दारात थांबले.

"मजुरी नको मला," ते म्हणाले. "पुढल्या रविवारी इंजिन चालू झालं की माझा डबा भिंतीला लागंल. आलेल्या नंबराला. चालंल का, तेवढं आत्ता सांगा."

मी इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"आबास्नी इचारावं लागंल," मी म्हणालो.

"आबास्नी न्हाई इचारत. दळता तुम्ही. तुम्हाला चालंल का?"

मी म्हणालो, "लाव."

ते हसले. तुटक्या दाताच्या फटीतून हसू बाहेर पडल्यासारखं दिसायचं. "कायदा हाय तसा," ते म्हणाले. "तक्रार केली तर आबास्नी घोडनदीला हेलपाटे पडतील. पर माझी इच्छा हाय, की कुणीतरी तोंडानं हो म्हणावं. तुम्ही म्हणलात."

हे मी आबांना त्याच दुपारी सांगितलं. का सांगितलं, याची मी आजवर स्वतःला वेगवेगळी कारणं दिली. खरं कारण असं की मला भीती वाटली. ते डबा लावणार, गाव आबांना बोल लावणार, आणि मी हो म्हणालो होतो हे त्या वेळी बाहेर पडणार. ते बाहेर पडायच्या आत मला आबांच्या बाजूला जाऊन उभं राहायचं होतं.

आबा सरपंचांकडं गेले. मला सोबत नेलं. ओसरीवर चौघं-पाचजण बसले होते. सरपंच बराच वेळ सुपारी कातरत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पंप कुणी दिला?"

"ह्यानं," आबा म्हणाले.

"कुणी बघितलं?"

"कुणी न्हाई."

"मग दिलाच न्हाई," सरपंच म्हणाले. "गेला."

सगळ्यांना ते लगेच समजलं. मलाही समजलं. डब्याचं प्रकरण झालं असतं तर आरोपी आबा झाले असते. पंपाचं प्रकरण झालं तर आरोपी ते होणार होते, आणि चोराच्या तक्रारीला कोण विचारतो. शिवाय रेल्वेची नोकरी. सरपंच म्हणाले की गुन्हा दाखल झाला की रेल्वे कामावर ठेवत नाही, मग खाकी कोट उतरला की आवाजही उतरतो. एकजण हसत म्हणाला, "दात तर एक आधीच उतारलाय." त्यावर मीही हसलो. ते हसू मला आठवतं. बाकीच्यांचे चेहरे अंधूक झालेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडनदीला जाऊन फिर्याद दिली. गिरणीच्या मागच्या दाराची कडी उचकटून पंप चोरला, संशय अमुक इसमावर. कडी त्याच सकाळी मी पहारीनं उचकटली होती.

ते एक दिवस उशिरा, रविवारी आले. शनिवारीच यायचे, पण पंपाचं काम व्हायला रात्र झाली असणार. नदीकाठी हवालदार, दोन शिपाई, सरपंच, आबा आणि मी उभे होतो. आणखी वीसएक माणसं नुसती बघायला जमली होती. त्यांच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात नवा कोरा पत्र्याचा डबा. झाकणावर त्यांचं पूर्ण नाव पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत लिहिलेलं. शेडमधल्या पेंटरकडून लिहून आणलेलं होतं. रांगेत डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून लोक नावं घालतात. वस्तीतल्या डब्यांवर तोवर नावं नसायची, लिंबाखाली कशाला लागतं नाव.

हवालदारानं पिशवी घेतली, हिरवं कापड उलगडलं. पंप पुसून, तेल लावून लखलखीत केलेला.

त्यांनी हवालदाराकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगा की ह्यास्नी. तुम्हीच दिला न्हवं?"

त्या क्षणी मला घाई कुणीच केली नाही. नावाडी नाव बांधायची थांबला होता. आबांनीही माझ्याकडं बघितलं नाही, ते पाण्याकडं बघत होते. भरपूर वेळ होता.

"मी न्हाई दिला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मेकॅनिक बंद पडलेल्या यंत्राकडं बघतो. दोष कुठं आहे ते सापडल्यासारखं.

मग शिपायानं त्याच लुगड्याच्या तुकड्यानं पंप त्यांच्या गळ्यात बांधला आणि जागा दाखव म्हणून त्यांना गावातून गिरणीपर्यंत चालवलं. नवा डबा एका पोरानं काठीनं वाजवत पुढं नेला. बायका दारात आल्या. ज्या आठवडाभर जातं ओढून कंबर धरून बसल्या होत्या, त्यांना त्यांच्याच चोराचं तोंड बघायला मिळत होतं. एका म्हातारीनं विचारलं, "काय रे खलाशा, पीठ मागायचं सोडून गिरणीच न्यायला निघाला व्हय?" लोक खदखदून हसले. वस्तीच्या तोंडाशी त्यांची बायको उभी होती, कडेला सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीनं विचारलं, "बाबांच्या गळ्यात काय हाय?" आईनं तिचं तोंड पदरात दाबलं. ते चालत राहिले. चपला नदीकाठीच काढून घेतल्या होत्या, उन्हाचा फुफाटा पायाखाली होता.

कोर्टात मी पिंजऱ्यात उभा राहिलो. आमच्या वकिलानं मला दोन दिवस पाठ करून घेतलं होतं. त्यांना वकील मिळाला तो नवखा होता, पण त्यानं नेमकं विचारलं. चोराला पंप गुंडाळायला तुमच्या आईचं लुगडं कुठून मिळालं? उत्तर पाठ होतं. मी म्हणालो, "मागं दोरीवर वाळत होतं. तेही फाडून नेलं." न्यायाधीशांनी लिहून घेतलं. ते आरोपीच्या जागेत उभे होते. त्या उत्तरावर त्यांनी मान खाली घातली, त्या सगळ्या खटल्यात एकदाच.

घरी आलो तर आई चुलीपुढं होती. तिनं विचारलं, "कापडाचं इचारलं का रे?"

"व्हय."

"काय सांगितलंस?"

मी सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "बरं झालं, मला न्हाई बोलावलं." मग मला ताट वाढलं. मी जेवलो.

तीन महिन्यांची शिक्षा झाली. रेल्वेनं कामावरून काढलं. दौंडचं क्वार्टर सुटलं. तिथलं सामान आणायला गेलेली बायको दोन लेकरं आणि एक ट्रंक घेऊन नावेतून उतरली, तेव्हा नावाडी तिला ट्रंक उचलू लागला नाही. आम्ही पुण्याहून दुसरा पंप आणला होता, गिरणी आठ दिवसांत सुरू झाली होती. वस्तीचे डबे लिंबाखालीच होते. मी म्हशीपुढं रोज पसाभर पीठ टाकत होतो. खटला संपल्यावर तो पंप कोर्टातून परत आला, त्याच हिरव्या कापडात, वर चिठ्ठी चिकटवलेली. पुढं नवा पंप खराब झाला तेव्हा मी हा बसवला. इतका उत्तम सेट केला होता की आमची गिरणी त्यावर वीस वर्षं चालली.

शिक्षा भोगून ते आले आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी डबा भिंतीला लावला. तोच, कोर्टातून सोडवून आणलेला. बायकांनी आपापले डबे उचलले. आबांनी इंजिन बंद करायला लावलं. खलाशी डब्याशेजारी उकिडवे बसून राहिले, दुपारी उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणीतरी लाथ मारून डबा चेपला, तर ते घरी नेऊन ठोकून सरळ करायचे आणि सकाळी परत आणायचे. त्यात कुणी शेण भरलं. कुणी नावावर डांबर फासलं. ते रॉकेलनं पुसून काढायचे, त्यात पांढरा रंगही थोडा थोडा जायचा. आवाज उतरेल असं सरपंच म्हणाले होते, पण तसं झालं नाही. फक्त ते कमी बोलू लागले आणि अर्ज जास्त लिहू लागले. शिरूरला, पुण्याला, मुंबईला. दिवसा कुठंतरी खडी फोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी अर्ज घेऊन तालुक्याला चालत जायचे.

दोनएक वर्षांनी एकदाची मामलेदारांची जीप गिरणीपुढं उभी राहिली. शिवाशिवीच्या त्या कायद्याचं नाव तेव्हा बदलून नागरी हक्कांचं काहीतरी झालं होतं, शिक्षाही वाढल्या होत्या, असं ऐकत होतो. मामलेदार थकलेले होते. त्यांना कुणाला तुरुंगात घालायचं नव्हतं, त्यांना मिटवायचं होतं. त्यांनी सांगितलं की आजपासून एकच रांग, नाहीतर गिरणीचं लायसन रद्द करतो. वस्तीच्या बायका लिंबाखालून डबे उचलून रस्ता ओलांडून आल्या. किती वर्षं बघतोय तो रस्ता, दहा पावलांचा.

खलाशांनीही आपला डबा उचलला. तेव्हा सरपंच मामलेदारांना म्हणाले, "साहेब, समद्यांचे लागू द्या. जातीचा प्रश्न न्हाई आमचा. पर ज्यानं ह्याच गिरणीत चोरी केली, शिक्षा झाली, त्याचाबी डबा मालकानं ठेवून घ्यायचा का? हे कुठल्या कायद्यात हाय?"

मामलेदारांनी माझ्याकडं बघून विचारलं, "चोरी झाली होती?"

मी म्हणालो, "व्हय साहेब."

तिसऱ्यांदा. काठावर, कोर्टात आणि इथं. इथं तर मला कुणी पढवलंही नव्हतं.

मामलेदार जरा घुटमळले. जीपचं इंजिन चालूच होतं. वस्तीतले दोन म्हातारे पुढं होऊन खलाशांच्या कानाशी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही, पण त्यांचं उत्तर आलं. "राहू द्या माझा," ते म्हणाले. "तुमचे लागले न्हवं? मग झालं." आणि डबा घेऊन ते रस्ता ओलांडून परत लिंबाखाली गेले. लिंबाखाली आता दुसरा एकही डबा नव्हता. त्यांनी तो क्षणभर खाली ठेवला, मग परत उचलून घरी नेला.

त्या दिवसापासून म्हशीपुढचं पीठ बंद झालं. गावाला सवय झाली, तीही फार लवकर. वर्षभरात तर लिंबाखाली डबे असायचे हे नव्या सुनांना सांगावं लागायचं. ज्यांनी ही रांग एक केली, त्यांची बायको मात्र शेवटपर्यंत जात्यावर दळत होती.

पुढं ते दौंडला गेले. स्टेशनजवळच्या मालधक्क्यावर हमाली करायचे, लोकोशेडच्या भोंग्याच्या टप्प्यात. ते दशक संपत आलं असताना मी एकदा पुण्याला जायला दौंडला गाडी धरत होतो. पोती उतरवणाऱ्यांत ते दिसले. मला चुकवायचं होतं, पण त्यांनी पोतं टाकलं आणि सरळ समोर आले.

"नमस्कार," ते म्हणाले. "पंप कसा हाय?"

टोमणा होता का, मी चेहरा न्याहाळला. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बरा चालतो," मी म्हणालो.

"चालणारच. दोन थाउजंडवर घासला होता मी, केसापेक्षा बारीक मापानं." त्यांनी कपाळावरची धूळ पुसली. केस पांढरे झाले होते, वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक मागायचं होतं. नोकरी गेली ती गेली. डब्याचंबी माझं काही न्हाई. पर पोरगी शाळंत जाती, तिला पंपचोराची म्हणत्यात. हुशार हाय. तुम्ही मास्तरास्नी एकदा खरं सांगा. गावात नको, कोर्टात नको, नुसतं मास्तरास्नी."

मी म्हणालो, "बघू."

ते थांबले. बहुधा आणखी काहीतरी येईल असं वाटलं असावं. मुकादमानं हाक मारली तेव्हा गेले. त्याच उन्हाळ्यात मालधक्क्यावर पोत्यांची थप्पी अंगावर येऊन ते वारले. मौतीला गावातून कुणी गेलं नाही. मी गिरणीवर होतो. त्या दिवशी दळण खूप होतं.

मास्तरांना मी सांगितलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्यांच्या मुलीकडं गेलो. तिनं ओसरीवर बसून सावकाश वाचलं, शिक्षिकेसारखं, एका ठिकाणी पेन्सिलीनं शुद्धलेखनही नीट केलं. कागद परत देऊन म्हणाली, "हे सभेत उभं राहून वाचा. मला देऊन काय उपयोग? मला तर माहीतच होतं."

पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. पहिलं पान वाचलं. माईक शिट्टी मारत होता. दुसऱ्या पानावर माझा थोरला मुलगा उठून आला, त्यानं माझा दंड धरला आणि सभेला सांगितलं, "मनावर घेऊ नका. डॉक्टरांच्या गोळ्या चालू हायत त्यांच्या. घरातबी असंच काहीबाही बोलतात." निकालाची नक्कल आणणारा तरुण म्हणाला, "आजोबा, कोर्टानं तपासून निकाल दिलाय. तुमाला आता कुठं आठवणार?" लोकांनी सहानुभूतीनं माना हलवल्या. कुणी हसलं नाही या वेळी. मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. ग्रामसेवकानं लिहिलं, विषय तहकूब.

गिरणी मुलानं कधीच मोडीत काढली. पंप मात्र मी ठेवला होता. ट्रंकेत, त्याच हिरव्या कापडात, चिठ्ठी आता वाचता येत नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन मी तिच्या दारात गेलो. म्हणालो की हा तुमच्या वडिलांच्या हातचा आहे, तुमच्याकडं असावा.

तिनं कापड उलगडलं. पंप हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, एका बाजूवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा गुंडाळून, गाठ मारून माझ्या हातात दिला.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुमच्या मुलाला ठाऊक न्हाई तुम्ही हा इथं आणलाय. उद्या तुम्ही गेलात, आणि हा माझ्या घरात सापडला, तर?"